दारू किती भरावी? बंदुकीच्या बाराचे गणित अंदाजावर का चालत नाही

विदर्भातील गोंदियाला लागून असलेला मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा भातासाठी ओळखला जातो. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याच जिल्ह्याचा काही भाग कान्हा राष्ट्रीय उद्यानात येतो. भातशेती आणि जंगल शेजारी असले की रानडुकरे शेतात उतरणारच, हे वारासिवनीच्या शेतकऱ्याला जसे ठाऊक आहे तसेच सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या शेतकऱ्यालाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने ही गरज ओळखली आहे. परवान्यासंबंधीच्या कलम १३ मध्ये पिकांच्या राखणीसाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. अर्थात, परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार बंदूकधारी स्वतःच्या हाताने भरतो. नळीत दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे आणि पुन्हा बोळा घालून गजाने ठासायचे. त्यामुळे ‘दारू किती?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. तयार काडतूस आले तेव्हा हा प्रश्न संपला नाही, तो कारखान्यात गेला, इतकेच. अमेरिकेसारख्या काही देशांत मात्र नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. तेथे तांब्याचा मुलामा दिलेल्या पिस्तुलाच्या गोळ्या स्वस्त मिळतात आणि त्यांच्यासाठी दारूचा सुरक्षित आकडा कोठून घ्यावा, हा तेथील नेमबाजांपुढचा नेहमीचा पेच आहे. हा पेच समजून घेतला की बंदुकीची सुरक्षितता नेमकी कशावर अवलंबून असते, हे आपल्याकडील परवानाधारकालाही उमगते.

दारू एक नव्हे, दोन

ठासणीच्या बंदुकीतील काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची बनते. त्यांचे प्रमाण साधारणपणे ७५, १५ आणि १० असे असते. ती जळण्याचा वेग सभोवतालच्या दाबाने फारसा बदलत नाही, तो मुख्यतः दाण्यांच्या आकारावर ठरतो. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळीच्या रूपाने मागे राहतो. म्हणूनच ती मापाने मोजण्याची पद्धत रूढ झाली.

फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये तयार केलेली धूरविरहित दारू वेगळ्या स्वभावाची आहे. ती नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि दाब वाढला की अधिक वेगाने जळते. वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे तिचे प्रमाण थोडे वाढले तरी दाब त्याच्या कितीतरी पटींनी उसळू शकतो. ही दारू ग्रेन या एककात तोलली जाते. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. सोनाराची एक गुंज जवळपास दोन ग्रेनची भरते. पिस्तुलाच्या बहुतेक काडतुसांत अशी मोजकीच ग्रेन दारू असते. अर्ध्या गुंजेची चूकही तेथे लहान राहत नाही.

यातूनच पहिला नियम निघतो. काडतूस फोडून त्यातील दारू ठासणीच्या बंदुकीत घालणे म्हणजे नळी फुटण्याला निमंत्रण देणे होय. दोन्ही पदार्थांना एकच नाव असले तरी एकाचे माप दुसऱ्याला लागू होत नाही.

मुलामा आणि आवरण

गोळ्यांच्या बाबतीतही असेच आहे. पिस्तुलाच्या गोळ्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली नुसत्या शिशाची. दुसरी आवरणाची, म्हणजे शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूची जाड वाटी दाबून बसवलेली. तिसरी मुलाम्याची. हिच्या शिशाच्या गाभ्यावर विद्युत प्रक्रियेने तांब्याचा पातळ थर चढवलेला असतो. पितळी भांड्याला कल्हई केली म्हणून ते कथलाचे होत नाही. तसेच मुलाम्याची गोळी वरून तांब्याची दिसली तरी आतून मऊ शिशाचीच असते.

नळीत आतून पीळदार खाचा असतात. गोळीला त्या खाचांत घुसून पुढे सरकावे लागते. आवरणाची कठीण गोळी अधिक विरोध करते, शिशाची मऊ गोळी कमी. मुलाम्याची गोळी या दोहोंच्या मधली आहे. तिला आवरणाच्या गोळीचा कमाल आकडा लावला तर वेग इतका वाढू शकतो की पातळ थर फाटतो, गोळीचा नेम बिघडतो आणि तुकडे इतस्ततः उडतात. पुंगळीचे तोंड गोळीभोवती जास्त आवळले तरी मुलामा कापला जातो.

भीतीपोटी दारू कमी घालणे हाही उपाय नाही. जोर अपुरा पडला तर गोळी नळीतच अडकते. ते लक्षात न आल्याने पुढची गोळी झाडली गेली, तर नळी फुगते किंवा फुटते आणि हात व डोळे जायबंदी होतात. धोका दोन्ही टोकांना आहे. सुरक्षित आकडा या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात असतो.

आकडा नेमका कोणाचा?

दारूचा आकडा केवळ दारूचा नसतो, तसाच तो केवळ गोळीचाही नसतो. ठरावीक दारू, ठरावीक वजनाची व बनावटीची गोळी, ठरावीक पुंगळी, ठरावीक टोपी आणि गोळी पुंगळीत किती खोल बसवली आहे, या सर्वांच्या एका जुळणीचा तो आकडा असतो. यातील एक गोष्ट बदलली की आकडा परका होतो. ९ मिलिमीटरच्या आखूड पुंगळीत गोळी किंचित अधिक खोल बसली तरी आतील जागा कमी होते आणि दाब चढतो.

हा दाब डोळ्यांना दिसत नाही. तो मोजण्यासाठी खास चाचणी नळ्या आणि दाबमापक लागतात. १९१४ मध्ये बेल्जियममधील लीज येथे सुरू झालेली सीआयपी आणि १९२६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली सामी या संस्था काडतुसांच्या दाबाच्या मर्यादा ठरवतात. सीआयपीने ९ मिलिमीटर पॅराबेलमसाठी घातलेली मर्यादा २३५० बार आहे. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या हजार पटींहून हा दाब अधिक आहे. अशी शस्त्रे कसोटीच्या वेळी या मर्यादेपेक्षा ३० टक्के अधिक दाबावर तपासली जातात. हा अधिकचा वाव कसोटीपुरता असतो, वापरणाऱ्याच्या चुकीसाठी राखून ठेवलेला नसतो.

म्हणून परदेशातील जाणकार गोळीच्या किंवा दारूच्या उत्पादकाने त्याच जुळणीची चाचणी घेऊन छापलेला आकडाच ग्राह्य मानतात. मुलाम्याच्या गोळीचा स्वतंत्र आकडा नसेल, तर अनेक उत्पादक शिशाच्या गोळीच्या आकड्यांकडे किंवा आवरणाच्या गोळीच्या खालच्या ते मधल्या आकड्यांकडे बोट दाखवतात. पण मुलाम्याची जाडी उत्पादकागणिक बदलते. त्यामुळे त्या गोळीच्या उत्पादकाने दिलेली वेगमर्यादा अखेरची. कोणाच्या तरी अनुभवातून आलेला आकडा त्याच्या शस्त्रात निभावला असेल, पण दुसऱ्याच्या शस्त्रासाठी तो पुरावा ठरत नाही.

भारतात हे काम कोणाचे?

आपल्याकडे हा प्रयोग घरी करण्याचा प्रश्नच येत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे, विकणे किंवा त्याची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीसाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात काडतूस भरण्याची मुभा आपोआप येत नाही. स्फोटकांसंबंधीचे २००८ चे नियम राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे.

काडतुसे भरण्याचे आणि तपासण्याचे काम कारखान्यांकडे आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, वारासिवनीच्या उत्तरेस जबलपूरजवळ असलेला खमरियाचा १९४२ चा आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा १९६४ चा. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे तिन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीचे भाग आहेत.

खेळाडूंच्या बाबतीतही चित्र फारसे वेगळे नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारात .२२ चे काडतूस वापरतात. त्याचा पेटता मसाला पुंगळीच्या काठातच असतो आणि घोड्याच्या आघाताने तो काठ चेपतो. ती पुंगळी पुन्हा भरण्याच्या कामाची राहत नाही. तेथे विश्वास ठेवायचा तो कारखान्याच्या चाचणीवरच.

परवानाधारकाने काय पाळावे?

काडतूस अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि त्यावरील छाप शस्त्रावरील छापाशी ताडून पाहावी. गंजलेले, ओल लागलेले, चेपलेले किंवा कोणी भरले हे माहीत नसलेले काडतूस वापरू नये. बार नेहमीपेक्षा दबका वाजला किंवा धक्का कमी जाणवला, तर पुढची गोळी झाडू नये. नळी सुरक्षित दिशेला रोखून काही वेळ थांबावे, शस्त्र रिकामे करावे आणि नळी मोकळी असल्याची परवानाधारक कारागिराकडून खात्री करून घ्यावी. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूखेरीज दुसरी दारू घालू नये आणि माप बंदुकीसोबत ठरवून दिलेलेच वापरावे. ते माप ठाऊक नसेल, तर कारागिराने तपासून सांगेपर्यंत ती बंदूक भरू नये. शेतातले पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते, फुटलेल्या नळीने नेलेला डोळा परत मिळत नाही.