घोरपड की चिमणी?

पैठणहून आलेला एक प्रश्न घेतो, कारण तो अनेकांच्या मनात असणार. नाथसागराच्या काठाला घोरपड दिसते: खवले, लांब शेपूट, दुभंगलेली जीभ, पाखरांची अंडी आणि पिल्ले मटकावणारी. हिला सोडून डायनोसॉरचा वारसा ओसरीवरच्या चिमणीला कसा देता? दिसायला घोरपडीची बाजू भक्कम आहे. इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन तिचाच भाऊबंद, दोघेही वॅरॅनस या एकाच प्रजातीतले, आणि तो तीन मीटरपर्यंत वाढून हरणे मारतो. पण नाते रूपावरून ठरवायचे तर देवमासाही माशांत घालावा लागेल.

हाडांकडे या. घोरपडीचे पाय धडाच्या दोन्ही बाजूंना फाकलेले असतात आणि चालताना ती अख्खा तळवा टेकते. डायनोसॉरचे पाय सरळ धडाखाली. गुजरातेत बालासिनोरजवळ राहिओलीला सापडलेला आणि २००३ साली नाव मिळालेला राजासॉरस हा शिकारी दोन पायांवर, बोटे टेकून चालणारा. आता तारेवरची चिमणी नीट पाहा. तिचा गुडघा मागे वळतो असे वाटते, पण तो गुडघा नव्हेच, तो घोटा. खरा गुडघा वर पिसांत दडलेला. घोट्याखालचा खवल्यांचा दांडा म्हणजे तळपाय, आणि बाई उभ्या आहेत बोटांवर! ही ठेवण राजासॉरसच्या कुळाची. गळ्याच्या हाडांची जोडी सांधून झालेले व्हीच्या आकाराचे हाड टायरॅनोसॉरसला होते, चिमणीला आहे, घोरपडीला नाही. १९९६ साली चीनमधून सायनोसॉरोप्टेरिक्स पुढे आला, न उडणारा डायनोसॉर आणि अंगावर लवेसारखी पिसे, तेव्हा बहुतेकांची शंका फिटली.

हरकत निघते ती आकाराची. आठ टनांच्या धुडापासून तीस ग्रॅमची चिमणी कशी व्हावी? झालेलीच नाही. टायरॅनोसॉरस सुमारे ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर पंखांचा आर्किओप्टेरिक्स १५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि जेमतेम कावळ्याएवढा. म्हणजे टायरॅनोसॉरस चिमणीचा आजोबा नव्हे, दूरचा चुलता. दोघांचे समाईक पूर्वज बेताच्याच अंगाचे. दुसरी हरकत जास्त टोकदार आहे. पक्ष्यांच्या फुप्फुसात हवा एकाच दिशेने वाहते हा पुरावा नेहमी दिला जातो, पण २०१३ साली तसाच प्रवाह आफ्रिकेतल्या एका घोरपडीतही आढळला. खरे आहे, आणि म्हणूनच एका अवयवावर निकाल देऊ नये. हृदय पाहा: मगरीचे आणि चिमणीचे पुरते चार कप्प्यांचे, घोरपडीचे खालचे कप्पे पूर्ण वेगळे झालेलेच नाहीत. सरड्या-घोरपडींची शाखा २५ कोटी वर्षांच्याही आधी फुटली. मगर, डायनोसॉर आणि पक्षी पलीकडच्या फांदीवर राहिले. तेव्हा निवाडा असा: मगरसुद्धा घोरपडीपेक्षा चिमणीला जवळची, आणि डायनोसॉरच्या घरात तर चिमणी आजही नांदते आहे. पडताळा हवा असेल तर रविवारी कोंबडी आणाल तेव्हा गळ्याखालचे ते हाड न मोडता काढून पाहा.