कमांड लाइनवरचे ऑप्शन : स्क्रिप्टनं ते वाचायचे कसे?

मागच्या व्याख्यानात आपण शेल स्क्रिप्टमधले लूप पाहिले. आज बघू, की स्क्रिप्ट चालवताना तिला बाहेरून सूचना कशा द्यायच्या आणि तिनं त्या कशा समजून घ्यायच्या. विषय किरकोळ वाटेल. चार अक्षरं वाचायची, त्यात काय एवढं? पण ती स्क्रिप्ट फाइली पुसणारी असेल आणि त्या चारांतलं एक अक्षर वाचायचं राहून गेलं, तर काय होतं, हे पाहिलं की तसं वाटेनासं होतं.

एक सूचना आधीच देतो. या लिखित पाठात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. '-एन' असं दिसलं, की हायफन आणि त्याला चिकटून लहान इंग्रजी अक्षर, असं समजायचं.

आजचं उदाहरण 'सफाई' नावाच्या एका छोट्या बॅश स्क्रिप्टचं. एखाद्या फोल्डरमधल्या जुन्या फाइली ती पुसते. तिला तीन ऑप्शन आहेत. '-डी' पुढे दिवसांचा आकडा येतो. दिला नाही तर ३० धरायचा. '-एल' पुढे एका फाइलीचं नाव येतं. काय पुसलं त्याची यादी त्या फाइलीत जाते. आणि '-एन' म्हणजे 'नुसतं दाखव, पुसू नको'. हे अक्षर आम्ही मनानं घेतलेलं नाही. मेक आणि आरसिंक या दोन्हींत '-एन'चा अर्थ हाच आहे.

शेल आपल्या हातात काय देतं?

आपण एंटर दाबल्यावर ती ओळ आधी शेल वाचतं. मोकळ्या जागांवर ती तोडतं, फुलीच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावं घालतं, अवतरणचिन्हं काढून टाकतं आणि उरलेले शब्द ओळीनं स्क्रिप्टला देतं. पहिला शब्द डॉलर १, दुसरा डॉलर २, आणि सगळे मिळून डॉलर ॲट. बस, एवढंच. यातला कुठला शब्द ऑप्शन आणि कुठला फोल्डर, हे शेल सांगत नाही. हायफनला शेलच्या लेखी काही अर्थ नाही. तो प्रोग्रामनं लावायचा असतो.

म्हणूनच काही जुने प्रोग्राम वेगळ्या वळणाचे आहेत. डीडीला हायफनच लागत नाही, तिथे 'आयएफ=' आणि 'ओएफ=' लिहायचं. फाइंडमध्ये एका हायफनपुढे '-नेम' असा अख्खा शब्द येतो. प्रत्येकानं आपापलं वाचन लिहिलंय, म्हणून हे चालतं.

साधं 'जर' का पुरत नाही?

पहिल्यांदा स्क्रिप्ट लिहिताना आपण सरळ असं लिहितो : डॉलर १ जर '-एन' असेल, तर नुसतं दाखव, नाहीतर पुस. आणि शेवटचा शब्द म्हणजे फोल्डर. चालवून पाहतो, चालतं. आता कुणीतरी ती अशी चालवतं :

सफाई -डी ७ -एन नोंदी

डॉलर १ आहे '-डी'. '-एन' तिसऱ्या जागेवर आहे, तिकडे कुणी पाहतच नाही. चालवणाऱ्यानं 'फक्त दाखव' म्हटलं होतं, आणि 'नोंदी' फोल्डरमधल्या फाइली गेल्या. कुठेही चुकीचा संदेश नाही. दुसऱ्या कुणी दोन अक्षरं जोडून '-एनडी ७' असं लिहिलं, तरी गत तीच.

लक्षात घ्या, वाचनात चूक झाली हा एक भाग. ती चूक कुठल्या बाजूला पडली, हा दुसरा भाग, आणि तो जास्त महत्त्वाचा. त्याकडे आपण परत येऊ.

ठरलेली रीत

युनिक्सच्या जगात याची एक रीत ठरलेली आहे आणि ती पॉझिक्स या मानकात लिहून ठेवलेली आहे. थोडक्यात अशी : ऑप्शन एका अक्षराचा, आधी हायफन. ज्यांना पुढे किंमत लागत नाही ते ऑप्शन एकाच हायफनमागे जोडून लिहिता येतात. ऑप्शन आधी, फाइली-फोल्डर नंतर. आणि नुसते दोन हायफन आले, की ऑप्शन संपले. त्यापुढचं सगळं नाव म्हणून घ्यायचं.

जोडून लिहिण्यातली गंमत टारमध्ये दिसते. पुष्कळ जण असं लिहितात :

टार -सीएफझेड साठा.टार.जीझेड फोटो

'-एफ'ला पुढे फाइलीचं नाव लागतं. त्याला चिकटून काय आहे? 'झेड'. म्हणजे 'झेड' नावाची फाइल तयार होते, आणि 'साठा.टार.जीझेड' ही आत भरायची फाइल समजली जाते. शिवाय झेड हे नावात गेल्यामुळे दाबून लहान करण्याचं कामही होत नाही. '-सीझेडएफ' लिहिलं की सगळं बरोबर. किंमत घेणारं अक्षर शेवटी ठेवायचं, ते यासाठी. आणि हायफन न लावता 'टार सीएफझेड' लिहिलं, तर मात्र जुन्या पद्धतीनं वाचन होऊन ते चालून जातं! त्यामुळेच हा गोंधळ टिकून आहे.

गेटऑप्ट्स

ही रीत दर वेळी हातानं लिहायची गरज नाही. सी भाषेसाठी गेटऑप्ट नावाचं फंक्शन एटी अँड टीनं १९८५ साली डॅलसच्या युनिफोरम परिषदेत सर्वांसाठी खुलं केलं. शेलमध्ये त्याच धर्तीची गेटऑप्ट्स ही अंगची कमांड आहे. तिला एक सूत्र द्यायचं : कुठली अक्षरं चालतील. ज्याला किंमत लागते त्याच्यापुढे विसर्गासारखं कोलन. आपल्या स्क्रिप्टचं सूत्र असं :

:एनडी:एल:

सुरुवातीचं कोलन म्हणजे 'चूक झाली तर संदेश आम्हीच देऊ'. मग व्हाइल लूप फिरवायचा. दर फेरीला एक ऑप्शन हाती येतो, त्याची किंमत ऑप्टआर्ग या व्हेरिएबलमध्ये असते, आणि केसमध्ये आपण तिची नोंद करतो. अनोळखी अक्षर आलं तर प्रश्नचिन्ह मिळतं, किंमत द्यायची राहिली तर कोलन मिळतं. लूप संपला की ऑप्टइंडमधून १ वजा करून तितके शब्द शिफ्टनं सरकवायचे. उरतात ती फोल्डरची नावं.

लूपच्या आत फक्त नोंद करायची, काम करायचं नाही. आधी सगळं वाचून घ्या, मग तपासा, मग करा. नाहीतर '-एन' पुढे आहे की मागे, यावर परिणाम बदलेल.

गेटऑप्ट्स बरोबर, तरी फाइली गेल्या

आता दोन ओळी बघा.

सफाई -एल -एन नोंदी

इथे '-एल'पुढे फाइलीचं नाव लिहायचं राहिलं. गेटऑप्ट्स काय करतं? पुढचा शब्द उचलतं आणि '-एन' हेच यादीच्या फाइलीचं नाव मानतं. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. पण 'नुसतं दाखव' हे सांगणं गिळलं गेलं.

सफाई नोंदी -एन

गेटऑप्ट्स 'नोंदी'पाशी थांबतं, कारण तो ऑप्शन नाही. '-एन' मागेच राहतं. लिनक्सवर एलएससारख्या कमांड नावानंतर आलेला ऑप्शनही मान्य करतात, त्यामुळे हाताला तशी सवय असते. इथे ती महागात पडते.

उपाय दोन पातळ्यांवर. पहिली पातळी तपासणीची. '-डी'च्या किमतीत अंकांशिवाय काही असेल तर थांबा. '-एल'ची किंमत हायफननं सुरू होत असेल तर थांबा. शेवटी नेमकं एकच नाव उरलं नसेल तर थांबा. 'नोंदी -एन' इथेच पकडलं जाईल. थांबताना संदेश स्टँडर्ड एररवर द्या आणि एक्झिट कोड शून्य ठेवू नका, रिवाजाप्रमाणे २ द्या. शून्य दिलात तर मागे '&&' लावून जोडलेली पुढची कमांड, सगळं सुरळीत झालं असं समजून चालू लागेल.

दुसरी पातळी रचनेची, आणि मघाशी राहिलेला मुद्दा हाच. जो ऑप्शन वाचायचा राहिला तर नुकसान होतं, तो ऑप्शन उलटा करा. म्हणजे 'सफाई' एरवी नुसतं दाखवील, आणि '-एक्स' दिलं तरच पुसेल. आता ऑप्शन हुकला तर काय होईल? काहीच पुसलं जाणार नाही. माणूस वैतागेल, पुन्हा नीट टाइप करील. गिट क्लीन हेच करतं : '-एफ' किंवा '-एन' यांपैकी काही सांगितलं नाही, तर मूळ सेटिंगमध्ये ते काम करायलाच नकार देतं.

फाइलीच्या नावातला हायफन

'आरएम *' लिहिलं आणि त्या फोल्डरमध्ये '-आरएफ' नावाची फाइल असली, तर? फुलीच्या जागी नावं शेल भरतं, आणि आरएमला ते नाव ऑप्शन म्हणून दिसतं. मग फाइलींबरोबर आतले फोल्डरही जातात. म्हणून 'आरएम -- *' किंवा 'आरएम ./*' लिहायची सवय ठेवा. आपल्या स्क्रिप्टच्या आतसुद्धा. आणि डॉलर ॲट नेहमी दुहेरी अवतरणात, नाहीतर 'जुने अहवाल' हे एक नाव दोन होतील.

पायथनकडे कधी वळायचं?

'--ड्राय-रन' असे लांब ऑप्शन हवे असतील, तर बॅशचं गेटऑप्ट्स पुरत नाही. पायथनमध्ये २.७ आणि ३.२ पासून आर्गपार्स आहे. '-एल -एन' दिलं तर ते किंमत राहिली म्हणून अडवतं, 'नोंदी -एन' नीट वाचतं, मदतीचा मजकूर स्वतः बनवतं. पण दोन गोष्टी सांभाळा. लांब ऑप्शनची सुरुवातीची काही अक्षरं दिली तरी ते मान्य करतं. नको असेल तर 'अलाउ-ॲब्रेव्ह' बंद करा. आणि किमतीचा प्रकार म्हणून 'बूल' देऊ नका. 'फॉल्स' हा लिहिलेला शब्द रिकामा नाही, म्हणून पायथन तो 'ट्रू' धरतं. तिथे 'स्टोअर-ट्रू' वापरा.

घरी गेल्यावर तुमची एक स्क्रिप्ट काढा. एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये पाच-सहा फालतू फाइली बनवा आणि ती पाच प्रकारे चालवा : ऑप्शनांचा क्रम उलटून, अक्षरं जोडून, किंमत न देता, ऑप्शन शेवटी टाकून, आणि नावात मोकळी जागा असलेला फोल्डर देऊन. दर वेळी इतकंच पाहा, की जमलं नाही तेव्हा ती थांबली, की पुसत सुटली. पुढच्या व्याख्यानात आपण एक्झिट कोड सविस्तर पाहणार आहोत.