बहिरा संच आणि काळी चांदी

आमच्या वाड्यात एक निवृत्त तारमास्तर राहतात. उभी हयात तारयंत्राच्या कडकट्टात गेली, त्यामुळे नोकरी सुटली तरी नाद सुटला नाही. रीतसर परीक्षा देऊन, परवाना काढून ते हौशी रेडिओचालक झाले. अशा मंडळींना जगभर ‘हॅम’ म्हणतात. त्यांच्याजवळ १९७० च्या दशकातील एक जपानी संच आहे. रोज सकाळी ७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यावर, विदर्भातील एका जुन्या सहकाऱ्याशी त्यांचे मोर्समध्ये बोलणे होते. दोघेही ऐंशीच्या पुढचे. प्रवास आता झेपत नाही आणि टेलिफोनवरचे शब्द दोघांनाही नीट कळत नाहीत. मोर्सची शीळ मात्र अजून अचूक कळते.

गेल्या पावसाळ्यात हा संच बहिरा होऊ लागला. ऐकता ऐकता पलीकडची शीळ एकाएकी खोल विहिरीत गेल्यासारखी होई. प्रक्षेपणाची कळ एकदा दाबून सोडली की पुन्हा सारे ठाकठीक; पाचदहा मिनिटांनी पुन्हा तेच. तारमास्तरांनी पहिल्याच दिवशी निदान केले, “रिले गेला.” मी कलाशाखेचा विद्यार्थी. रिले म्हटले की मला चौघांची शर्यतच आठवते. पण पुढचे काही महिने मी त्यांचा हरकाम्या झालो, आणि त्यात जे समजले ते येथे मांडतो.

शर्यतीशी त्याचा संबंध अगदीच नाही असे नाही. घोड्यांच्या डाकेत टप्प्याटप्प्यावर जे ताजे घोडे उभे असत, त्यांनाही इंग्रजीत हेच नाव होते. तारयंत्रात लांबून आलेला क्षीण प्रवाह एका विद्युतचुंबकाला जेमतेम हलवी, आणि तो चुंबक दुसऱ्या, ताज्या बॅटरीचे मंडल जोडून देई. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने ही युक्ती १८३५ च्या सुमारास दाखविली आणि १८४४ मध्ये वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार सुरू करणाऱ्या मोर्सनेही तिचाच आधार घेतला.

रेडिओसंचात रिलेचे काम थोडे निराळे. एरियल एकच असते; ऐकायचे तेव्हा ती ग्राहकाकडे हवी, बोलायचे तेव्हा प्रक्षेपकाकडे. कळ दाबली की रिलेच्या कॉईलमधून प्रवाह जातो, चुंबक लोखंडी पत्ती खेचतो आणि एरियल प्रक्षेपकाला मिळते. कळ सोडली की स्प्रिंग पत्तीला माघारी नेते. पत्तीच्या टोकाला आणि समोर चांदीचे इवलेसे ठिपके असतात. हेच काँटॅक्ट. सगळे रामायण या ठिपक्यांवर घडते.

प्रक्षेपण १०० वॉटचे धरले तर ५० ओहमच्या एरियलकडे जाताना या ठिपक्यांवर सुमारे ७० व्होल्ट आणि १.४ अँपिअर येतात. ऐकताना काय येते? हॅम लोक ज्याला ‘एस ९’, म्हणजे खणखणीत संकेत म्हणतात, तो ५० मायक्रोव्होल्टचा. दोन्हींत सुमारे चौदा लाखपटींचे अंतर! आणि दूरचे दुबळे संकेत तर एका मायक्रोव्होल्टच्याही आत.

आता देवघरातील चांदीचे निरांजन आठवावे. हवेतील गंधकयुक्त वायूंनी ते काळे पडते. रिलेच्या ठिपक्यांवरही तोच पापुद्रा धरतो. सत्तर व्होल्ट त्याला फोडून सहज पलीकडे जातात. मायक्रोव्होल्टची मात्र काही पत्रास लागत नाही. त्यात भर अशी की ऐकण्याच्या बाजूचे ठिपके केवळ स्प्रिंगच्या जोरावर मिटलेले असतात, प्रक्षेपणाच्या बाजूचे चुंबकाच्या ओढीने. स्प्रिंग वयाने मऊ पडली की दाब आणखी कमी. कळ दाबून सोडली की ठिपके एकमेकांवर किंचित घासतात, पापुद्रा क्षणभर फाटतो, म्हणून संच ‘जागा’ होतो. जो रिले रोज शंभर वॉट बिनतक्रार वाहतो, तोच ऐकण्याच्या कामी नादार ठरतो, हे मला प्रथम पटेना.

पटविण्यासाठी तारमास्तरांनी दोन गोष्टी दाखविल्या. संच बहिरा असताना पेन्सिलीच्या मागच्या टोकाने रिलेच्या आवरणावर हलकी टिचकी मारली. शीळ परत आली. मग संच बंद करून मीटरने ठिपक्यांमधला रोध मोजला, तर तो जवळजवळ शून्य. म्हणजे रिले चांगला? नव्हे. मीटरची स्वतःची बॅटरी पापुद्रा फोडण्यास पुरेशी असते, म्हणून तो सारे आलबेल सांगतो. येथे पुष्कळजण फसतात आणि भलतेच भाग बदलत बसतात.

संच उघडण्यापूर्वीची ताकीद मात्र विसरता कामा नये. यासूच्या एफटी-१०१ सारख्या त्या काळच्या संचात शेवटच्या व्हाल्व्हना सुमारे ६०० व्होल्ट दिलेले असतात, आणि वायर भिंतीतून काढली तरी तो भार कंडेन्सरांत काही काळ दबा धरून असतो. मीटरने शून्य दिसेपर्यंत हात घालायचा नाही. तारमास्तर तर तेव्हाही डावा हात पाठीमागे ठेवतात.

सफाईची पद्धत सोपी आहे. पोस्टकार्डाची बारीक पट्टी कापावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करावी, ठिपक्यांमध्ये सरकवून ते बोटाने हळूच मिटवावेत आणि पट्टी ओढून घ्यावी. पट्टीवर काळी रेघ उमटते. रेघ उमटेनाशी होईपर्यंत हेच करावे, शेवटी कोरडी पट्टी फिरवावी आणि कागदाचे तंतू फुंकून टाकावेत. पॉलिशपेपर किंवा कानस कदापि नको. ठिपक्यांवरचा मौल्यवान थर पातळ असतो. तो गेला की खालचा धातू उघडा पडतो, शिवाय ओरखड्यांत पेपरचे कण रुतून बसतात.

हे आम्हाला उशिरा कळले, कारण संचाचा एक रिले पूर्वी एका दुरुस्तीवाल्याने पॉलिशपेपरने ‘चकचकीत’ करून दिला होता. भिंगातून पाहिले तर ठिपक्यांची घुमटी सपाट झालेली, आणि प्रक्षेपणाच्या बाजूस खड्डे. खड्ड्यांचे कारण वेगळे. रिले ओढला जाऊन स्थिर व्हायला साधारण दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. तेवढा दम न धरता शक्ती आली तर मिटत्या ठिपक्यांत ठिणगी पडते. अशा रिलेपुढे पोस्टकार्डही हात टेकते. तो बदलावाच लागतो.

नवा रिले आणण्यासाठी मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो आणि चूक करून आलो. दुकानदाराने १२ व्होल्टचा, १० अँपिअरचा दणकट रिले दिला. मला वाटले, जितका मोठा तितका चांगला. तारमास्तरांनी लगेच सांगितले की हा मोटारी चालविण्यासाठी उत्तम, पण याला पापुद्रा जाळायला मोठा प्रवाह हवा. मायक्रोव्होल्टपुढे हा वर्षभरात बहिरा होईल. हवा होता चांदीवर सोन्याचा मुलामा असलेला, दोनतीन अँपिअरचा, बंदिस्त आवरणाचा. सोने काळे पडत नाही. पण मुलामा ठिणगीने उडून जातो, म्हणून शक्ती उशिरा येण्याची व्यवस्था नीट आहे ना, हे आधी पाहावे लागते.

कॉईलचेही पाहावे लागते. व्होल्ट जुळले म्हणजे झाले असे नाही. जुन्या कॉईलचा रोध १६० ओहम असेल तर १२ व्होल्टला ती ७५ मिलिअँपिअर घेते. त्या जागी ४० ओहमची बसविली तर ३०० मिलिअँपिअर, आणि रिलेला चालविणारा ट्रान्झिस्टर जळून खाक. कॉईल बंद होताना उलटा दाब उसळतो, तो जिरविण्यासाठी तिच्यावर एक डायोड आडवा लावतात, पट्ट्याची बाजू धनाकडे. उलटा लागला तर तोच मंडल शॉर्ट करून बसतो. डायोडमुळे रिले सुटायला किंचित उशीर होतो, पण तेवढे चालते.

दुसऱ्या खेपेस योग्य रिले मिळाला, पण त्याचे पाय जुन्या सॉकेटला जुळेनात. संचात नवी भोके पाडण्यास तारमास्तरांनी साफ नकार दिला. मग जुन्या रिलेचे आवरण उघडून आतला सांगाडा काढला, त्याच्याच बैठकीवर नवा रिले बसविला आणि तारा शक्य तितक्या आखूड ठेवून डाग दिले. बाहेरून पाहणाऱ्यास काही बदलल्याचे कळणार नाही. सॉकेटच्या काळवंडलेल्या पिनाही त्याच पोस्टकार्डाने पुसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी हजर होतो. पलीकडून पहिली शीळ आली तेव्हा तारमास्तरांनी पेन्सिल उचलली आणि वीस मिनिटे उतरवून घेत राहिले. कळ त्यांनी तेवढ्या वेळात एकदाही दाबली नाही. मग उत्तर देण्यासाठी प्रथमच हात कळीवर ठेवला. जुन्या रिलेची शाबूत कॉईल त्यांनी खिळ्यांच्या डब्यात जपून ठेवली आहे.