काठमांडूचा भूकंप आणि त्यापुढील दिवस

भूकंप हा पाठ मीं भंडारा जिल्ह्यांतील शाळांतून तीसएक वर्षें शिकविला. भूगोलाच्या पुस्तकांत त्याला एक पान असे. कारणें, परिणाम, खालीं चार प्रश्न, कीं भूकंप संपला. २५ एप्रिल २०१५ रोजीं मी काठमांडूस होतों. तेथील मोठा धक्का सुमारें मिनिटभरांत थांबला, परंतु त्यांतून पार पडण्यास आम्हांला पुढें कित्येक दिवस लागले. त्या मिनिटाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला आज बोलावयाचें आहे तें मुख्यतः त्या दिवसांविषयीं. परक्या मुलुखांत, पायांखालची जमीन राहून राहून हालत असतां माणसानें काय समजून राहावें, हें पुस्तकांत नव्हतें.

परीक्षा आटोपल्या होत्या, आणि आमच्या भागांतील अठरा माणसें पशुपतिनाथाच्या यात्रेस निघालीं होतीं. त्यांत मी एक. देवळाजवळच्या एका धर्मशाळेंत आम्ही उतरलों होतों.

प्रथम जमिनीची गोष्ट सांगतों. जंगलांतून सागाचा ओंडका साखळीनें ओढणारे बैल आपणांपैकीं कांहींनीं पाहिले असतील. ओंडका दगडाला अडतो. बैल रेटा देतात, साखळी ताणली जाते, ओंडका हालत नाहीं. आणि मग एका क्षणीं तो हातभर पुढें उसळतो. आपला भारतीय भूखंड दरसाल सुमारें चार-पांच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आहे. त्यांतील सुमारें दोन सेंटिमीटरांची चाल हिमालयाखालीं अडते आणि ताण सांचत जातो. त्या शनिवारीं हा अडलेला खडक गोरखा जिल्ह्यांतील बारपाक गांवाजवळ सुटला, आणि तेथून पूर्वेकडे सुमारें दीडशें किलोमीटरपर्यंत उसवत गेला. शिवण एका टोकाला सुटली कीं पुढें भरभर सुटत जाते, तसें. धक्क्याचें मान ७.८ होतें. काठमांडू शहर त्या उसवणीच्या वरच बसलेलें. तें सबंध खोरें सुमारें एक मीटर वर उचललें गेलें.

नेपाळचें घड्याळ आपल्यापेक्षां पंधरा मिनिटें पुढें असतें. त्यांत ११ वाजून ५६ मिनिटें झालीं होतीं. आम्ही बहुतेक जण अंगणांत भोजनाची वाट पाहत होतों. आधीं कबुतरें उडालीं. मग जमिनीखालून जड मालगाडी जावी तसा आवाज आला. आणि त्यानंतर कांहीं सेकंदांनीं जमीन आडवी हेलकावूं लागली. हा क्रम नेहमींचा आहे. भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या: दाबाची लाट जलद धांवते आणि हलका धक्का देते, आडवी हालणारी लाट मागून येते आणि घरें पाडते ती हीच. दोहोंमधील सेकंद हेच माणसाला मिळणारें काय तें अवधान.

कोणती इमारत पडली आणि कोणती राहिली, यांत मात्र लोकांना देवाची लहर दिसली. काठमांडूचें खोरें पूर्वीं सरोवर होतें. मंजुश्रीनें चोभारची खिंड तरवारीनें फोडून पाणी वाहून जाऊं दिलें, अशी तेथील बौद्ध कथा आहे. भूगर्भशास्त्रज्ञहि सांगतात कीं, शहराखालीं शेंकडों मीटर जाडीचा सरोवराचा गाळ आहे. झोपाळ्याला त्याच्या तालांत बेतानें धक्का देत गेलें तर झोका वाढत जातो. त्या गाळाचा हेलकावा चार-पांच सेकंदांचा, म्हणजे मंद होता. उंच, सडपातळ बांधकामाचा स्वाभाविक झोकाहि मंद असतो. ठेंगण्या घराचा जलद. म्हणून धरहरा हा उंच मनोरा माणसांसकट कोसळला, आणि शहरांतील कितीएक दुमजली घरें तडे जाऊन कां होईना, उभीं राहिलीं. उलट गोरखा, धादिंग, सिंधुपाल्चोक या डोंगरी जिल्ह्यांत दगड-मातीच्या भिंतींचीं घरें गांवेंच्या गांवें बसलीं. सुमारें पांच लाख घरें नष्ट झालीं आणि जवळजवळ नऊ हजार माणसें गेलीं.

ही संख्या याहून फार मोठी व्हावयाची. नेपाळांत शनिवार हा सुटीचा वार. हजारों वर्गखोल्या पडल्या त्या रिकाम्या होत्या. परततांना वाटेवर एक शाळा मीं पाहिली. छप्पर बाकांवर टेकलेलें, आणि उभ्या राहिलेल्या एका भिंतीवरच्या फळ्यावर वैशाख ११ ही तारीख, म्हणजे आदल्या दिवसाची. बाकें किती, एका बाकावर मुलें किती, असा हिशेब माझें मन आपोआप करूं लागलें. तो मीं पुरा केला नाहीं.

आतां पुढचे दिवस. आम्ही जवळच्या मैदानावर जाऊन बसलों. सुमारें अर्ध्या तासानें ६.६ मानाचा दुसरा धक्का आला. मग लहानमोठे किती, याची गणती राहिली नाहीं. दर धक्क्यानंतर आमच्यांतील एक वृद्ध बाई मला विचारीत, "गुरुजी, आता तं सरलं ना जी?" गुरुजीला भूगोल येतो, तेव्हां उत्तरहि येत असेल, ही त्यांची समजूत. खरें उत्तर एका जपानी शास्त्रज्ञानें १८९४ सालीं देऊन ठेविलें आहे. ओमोरी हें त्याचें नांव. १८९१ च्या जपानांतील मोठ्या भूकंपानंतरचे धक्के त्यानें मोजले आणि त्यांत नियम पाहिला: दिवस जातात तसे धक्के त्याच प्रमाणांत विरळ होतात, दुसऱ्या दिवशीं पहिल्याच्या सुमारें निम्मे, दहाव्या दिवशीं सुमारें दशांश. उसवलेला खडक नव्या जागीं बसतांना जे कुरकुरणें चालतें तें हें. नियमांत धीर आहे, पण एक मेखहि आहे. नियम धक्क्यांच्या संख्येचा आहे, आकाराचा नव्हे. विरळ झालेल्यांपैकीं एखादा मोठा असूं शकतो. म्हणून तडा गेलेल्या घरांत "आतां थांबलें" म्हणून शिरूं नये.

आमची सर्वांची औषधें, पैसे, ओळखपत्रें धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर होतीं. रविवारीं सकाळीं दोन तरुण वर जाण्यास निघाले. त्यांना अडविलें धर्मशाळेच्या म्हाताऱ्या राखणदारानें. जिन्याचें कुलूप त्यानें घातलें होतें, आणि किल्ली तो देईना. त्याच्या आईनें त्याला 'नब्बे साला'ची, म्हणजे विक्रम संवत् १९९० मधील, आपल्या १९३४ च्या भूकंपाची गोष्ट सांगितलेली होती. भांडीं आणण्यास आंत गेलेलीं माणसें परत आलीं नाहींत, एवढेंच त्याच्या लक्षांत राहिलें होतें. आमच्या लोकांनीं त्याला नाहीं नाहीं तें ऐकविलें. दुपारीं १२ वाजून ५४ मिनिटांनीं ६.७ मानाचा धक्का आला आणि जिन्याकडील भिंत रस्त्यावर पडली. त्यानंतर किल्ली कोणीं मागितली नाहीं. मधुमेहाच्या गोळ्या एका मदत-छावणींत मिळाल्या.

धक्क्यांहूनहि अधिक छळ अफवांनीं केला. अमेरिकेच्या नासानें अमुक वाजतां याहून मोठा भूकंप होणार असें कळविलें आहे, चंद्र उलटा उगवला आहे, असे निरोप मोबाइलवरून फिरत होते. श्रोतेहो, भूकंपाचा दिवस आणि तास सांगण्याची विद्या आजहि कोणापाशीं नाहीं. जो घड्याळ सांगतो तो खोटें सांगतो, इतकी ओळख पुरे आहे. रविवारीं रात्रीं पाऊस आला. एका ताडपत्रीखालीं चाळीस माणसें भिजत बसलीं असतां कोणी म्हणालें, हें सर्व पापाचें फळ. हा वाद जुना आहे. १९३४ च्या भूकंपानंतर गांधीजींनीं तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा दंड म्हटला. आणि भौतिक घटनेला नैतिक कारण जोडणें अयोग्य, असा आक्षेप रवींद्रनाथांनीं जाहीरपणें घेतला. मी या बाबतींत रवींद्रनाथांच्या बाजूचा. डोंगरांत जीं माणसें मातीच्या भिंतीखालीं गेलीं, त्यांच्यापाशीं सिमेंटास पैसे नव्हते, हें कारण मला पुरेसें वाटतें.

भारत सरकारची विमानें त्याच दिवसापासून येऊं लागलीं होतीं. परंतु त्रिभुवन विमानतळाची धांवपट्टी एकच, आणि रांग मैलभर. आम्ही पांचव्या दिवशीं बसनें सोनौलीमार्गें गोरखपुरास उतरलों. फलाटावर छप्पर आहे म्हणून आमच्यांतील निम्मीं माणसें बाहेर, उघड्यावर निजलीं. घरीं आल्यावरहि दोन आठवडे मला खाट हालल्याचा भास होई. कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय दर हालचालीस संशयानें पाहूं लागतें, त्याचा हा परिणाम. जपानांत याला 'भूकंपाची नशा' अशा अर्थाचा शब्दच आहे.

भंडाऱ्यास लोक विचारीत, आपल्याकडे असें होतें काय? आपला खडक जुना आणि कठीण, हिमालयाची उलथापालथ येथें नाहीं. पण जुन्या खडकांतहि जुन्या भेगा असतात. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरास ५.८ मानाचा भूकंप झाला, तो नर्मदेच्या अशाच भेगेवर. विदर्भांतहि तो जाणवला. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति विसर्जनाची रात्र उलटतांच, किल्लारी परिसरांत सुमारें आठ हजार माणसें गेलीं. धक्का काठमांडूच्या मानानें पुष्कळच लहान, ६.२ च्या आसपासचा. तेथें जीव घेतला तो दोन-दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंतींनीं आणि माळवदाच्या मातीनें. अशा भिंतींचे आंतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात, मध्यें खडे भरलेले. हादऱ्यानें थर फाकतात. दोन्ही थरांतून आरपार जाणारे लांब दगड, आणि दारां-खिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींना सलग कवळणारा एक पट्टा, एवढ्यानें हें फाकणें पुष्कळ थांबतें. आमच्या खेड्यांतील मातीच्या भिंती आणि त्यांवरचे कवेलूंचे छप्पर मी आतां याच दृष्टीनें पाहतों.

१२ मे रोजीं मी घरींच होतों. दुपारीं रेडिओवर बातमी आली कीं, दोलखा आणि सिंधुपाल्चोकच्या सीमेवर ७.३ मानाचा धक्का झाला. ओमोरीच्या नियमाप्रमाणें विरळ होत गेलेल्या धक्क्यांतला हा एक. दोनशेंहून अधिक माणसें त्यांत गेलीं. राखणदाराचें घर सिंधुपाल्चोकांत होतें. त्याचा मोबाइल चार दिवस लागला नाहीं; पांचव्या दिवशीं त्यानें उचलला. घर पहिल्याच धक्क्यांत गेलें, तेव्हां दुसऱ्यांत पडावयास कांहीं उरलें नव्हतें, असें तो म्हणाला. मंडळी शेतांत, पत्र्याखालीं राहत होती. सर्व सुखरूप होतीं. मग त्यानें आमच्या त्या वृद्ध बाईंच्या गोळ्यांची चौकशी केली.