दहा बाय बाराच्या खोलीतला बँड

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली दहा फूट बाय बारा फुटांची आहे. तिच्यात ड्रमसेट, चार वादक आणि माझं टेबल मावतं. रेकॉर्डिंगसाठी नव्या बँडचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक माइकचा असतो. मी मात्र आधी खोलीबद्दल बोलतो. माइकला वाद्य आणि खोली वेगवेगळी ऐकू येत नाहीत. दोन्हींचं मिळून जे होतं तेच तो टिपतो, आणि एकदा टिपली गेलेली खोली नंतर नीट काढता येत नाही.

समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतरात ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते, तो स्वर त्या खोलीत फुगतो. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. त्या हिशेबाने दहा फुटांना 56 हर्ट्झ येतात आणि बारा फुटांना 47. बेस गिटारची खुली ए तार 55 हर्ट्झची आहे. म्हणजे ती छेडली की माझी खोलीही तिच्याबरोबर वाजते. भिंतीला टेकून उभं राहिलं तर ए गडगडतो, दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर उभं राहिलं तर तोच ए बारीक होतो. वाजवणाऱ्याचा हात मात्र दोन्ही वेळा तसाच पडलेला असतो. म्हणून इथे मी बेससमोर माइक लावतच नाही. गिटारची वायर डीआय बॉक्समधून थेट कॉम्प्युटरला जोडलेल्या इंटरफेसमध्ये जाते, खोलीचा संबंध येत नाही. ऐकतानाही बेसचा निर्णय हेडफोन घालूनच घ्यायचा.

वरच्या स्वरांचं काम सोपं आहे. माझ्याकडे आजीच्या हातच्या दोन गोधड्या आहेत, जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेल्या. त्या भिंतीला चिकटवून न टांगता वीतभर पुढे टांगतो. भिंतीला अगदी लागून हवेचे कण जवळपास हलत नाहीत, थोड्या अंतरावर ते जोरात हलतात. कापडाच्या धाग्यांत घर्षण होऊन आवाज जिरायचा तर कापड तिथे हवं. पण 100 हर्ट्झच्या लाटेचा पाव भागच 86 सेंटिमीटर भरतो. गोधडी किंवा इंचभर फोम तिथे काय करणार? खर्ज थोडा तरी आवरायला मी कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड गठ्ठे कापडात गुंडाळून उभे केले आहेत. आणि यातलं काहीही शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज अडवत नाही. त्यासाठी वजनदार भिंत लागते, दाराखालची फट बुजवावी लागते. ते पूर्ण जमलेलं नाही, म्हणून दुपारी एक ते चार माझ्याकडे ड्रम वाजत नाहीत.

माइक उभे करण्याआधी एक संध्याकाळ बँड नुसता वाजवतो आणि मी फोनवर टिपून घेतो. गाण्याची लय त्या दिवशी ठरवायची. मग क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, लावून गिटार आणि गाण्याचा कच्चा गाइड ट्रॅक करायचा. पुढे प्रत्येक जण तोच कानात घेऊन वाजवतो. घाईत गायलेल्या गाइडवर ड्रमरही घाईतच वाजवतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की गाइडला आता पूर्ण तास देतो.

ड्रमला माझे चार माइक: एक किकला, एक स्नेअरला, दोन वरून. स्नेअरवर शुअरचा एसएम57 आहे. 1965 पासून मिळणारा हा माइक महागड्यांत मोडत नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनने आपल्या राहत्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर जी कच्ची गाणी टिपली आणि जी 1982 मध्ये ‘नेब्रास्का’ म्हणून तशीच बाहेर आली, त्यांच्यासाठीही हाच माइक होता.

खरी मेहनत वरच्या दोन माइकांना लागते. सुरुवातीच्या एका बँडच्या वेळी मी ते नजरेच्या अंदाजाने लावले. प्रत्येक ट्रॅक एकेकटा छान होता, पण सगळे एकत्र लावले की स्नेअर पोकळ, पत्र्याच्या डब्यासारखा. दोन दिवस मी ईक्यू फिरवत बसलो. दोष अंतरात होता. एक माइक स्नेअरपासून दुसऱ्यापेक्षा फूटभर लांब होता. फूटभर जायला आवाजाला सुमारे 0.9 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या उशिराने 560 हर्ट्झच्या आसपासची लाट एका माइकात वर असते तेव्हा दुसऱ्यात खाली असते, आणि दोन्हींची बेरीज केली की ती पुसली जाते. स्नेअरचा भरीवपणा तिथेच गेला होता.

तेव्हापासून माझ्या खिशात सुतळीचा तुकडा असतो. तिचं एक टोक ड्रमर स्नेअरच्या मध्यावर अंगठ्याने दाबून धरतो. मी दुसरं टोक ताणून पहिल्या माइकच्या जाळीपर्यंत नेतो आणि तिथे गाठ मारतो. मग तीच गाठ दुसऱ्या माइकपर्यंत. गाठ जिथे पोचते तिथे माइक सरकवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर स्नेअर दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध, भरलेल्या आवाजाने उभा राहतो.

बँडमध्ये ढोलकी असेल तर दोन्ही बाजूंना एकेक माइक लावतो. शाईची पुडी थापेने आत दबली की आतली हवा समोरच्या पुडीला बाहेर ढकलते, म्हणजे दोन माइकांना उलट हालचाल मिळते. एका ट्रॅकचं पोलॅरिटीचं बटण दाबून पाहायचं आणि खर्ज ज्यात भरतो ते ठेवायचं.

गिटारचा ॲम्प न्हाणीघरात जातो, दार लावून. माइक स्पीकरच्या कापडापासून दोन बोटं. मध्यावर धरला तर आवाज टोकदार येतो, कडेकडे सरकवला तर मऊ. गायकाला मी गोधड्यांकडे पाठ करून उभं करतो. त्यावर लोक चकित होतात, पण गायकांसाठीचे बहुतेक माइक समोरचं ऐकतात, मागचं कमी ऐकतात. गायकाच्या मागची भिंत माइकच्या अगदी समोर येते, म्हणून गोधडी तिथे. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि कुकर कधी लागणार हे घरात आधीच विचारून ठेवायचं.

लेव्हल लावताना 24 बिटला सगळ्यात मोठी थाप उणे 10 डेसिबलच्या आसपास राहू द्यावी. वर जागा सोडल्याने काही बिघडत नाही, पण शून्याच्या वर गेलेल्या लाटेचा माथा कापला जातो आणि तो परत मिळत नाही. गायक ‘मला माझाच आवाज मागून येतोय’ म्हणाला तर आधी बफर पाहावा, म्हणजे कॉम्प्युटर आवाज एका वेळी किती नमुन्यांच्या गठ्ठ्याने घेतो ते. 48 किलोहर्ट्झला 512 नमुन्यांचा बफर म्हणजे एका दिशेला जवळपास 11 मिलिसेकंद, येताना आणि जाताना त्याच्या दुप्पट. 128 वर आणला की गायक मोकळा होतो.

मिक्स झालं की आम्ही सगळे खाली पार्किंगमध्ये जातो, गाडीच्या काचा वर करून एकदा ऐकतो, मग फोनच्या बारक्या स्पीकरवर. फोनवर शब्द कळले नाहीत तर वर येऊन गायकाचा आवाज अर्धा डेसिबल वाढवायचा आणि परत खाली जायचं. शेवटी बँडला पूर्ण गाण्याबरोबर प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल देतो, सगळ्या एकाच ठोक्यापासून सुरू होणाऱ्या, आणि सोबत गाण्याची लय व पट्टी लिहिलेला कागद. सहा महिन्यांनी त्यांना दुसऱ्या गिटारिस्टकडून एखादी ओळ नव्याने वाजवून घ्यायची असते, तेव्हा पहिल्यांदा तो कागदच शोधला जातो.