विश्लेषण : सरोवरातले सरकारी उद्यान स्पा कंपनीकडे… टोरांटोचे ‘ओंटारियो प्लेस’ वादात का?

सरोवरात भराव टाकून उभारलेले एक सरकारी मनोरंजन उद्यान तोट्यामुळे २०१२ मध्ये बंद झाले. आता त्याच्या पश्चिमेकडील बेटाचा बहुतांश भाग ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी स्पा कंपनीकडे गेला आहे. कॅनडातील टोरांटो शहरात यावरून सुरू असलेला वाद नेमका काय आहे?

‘ओंटारियो प्लेस’ काय आहे?

टोरांटो शहर ओंटारियो सरोवराच्या काठावर वसले आहे. १९६७ मध्ये मॉन्ट्रियलला झालेल्या ‘एक्स्पो ६७’ या जागतिक प्रदर्शनाला मोठे यश मिळाले. त्यानंतर ओंटारियो प्रांताने स्वत:चे असेच आकर्षण उभारायचे ठरवले. सरोवरात भराव टाकून कृत्रिम बेटे तयार करण्यात आली आणि २२ मे १९७१ रोजी उद्यान खुले झाले. वास्तुरचनाकार एबरहार्ड झाइडलर यांनी पाण्यात खांब रोवून त्यांवर पाच दालने अधांतरी उभी केली. शेजारच्या गोलाकार ‘सिनेस्फिअर’मध्ये जगातील पहिले कायमस्वरूपी आयमॅक्स चित्रपटगृह सुरू झाले. बेटांवरील झाडी, वाटा आणि किनारे यांची आखणी मायकेल हफ यांची होती.

बंद करण्याची वेळ का आली?

पहिल्या वर्षी येथे सुमारे २५ लाख लोक आले, तर २०११ मध्ये हा आकडा तीन लाखांच्या आसपास होता, असे सरकारने सांगितले. टोरांटोतील कडक हिवाळ्यामुळे उद्यान मुख्यत: उन्हाळ्यातच चालायचे. १९८१ मध्ये शहराच्या उत्तरेला ‘कॅनडाज वंडरलँड’ हे मोठे खासगी उद्यान सुरू झाले. मोठमोठ्या रोलर कोस्टरशी स्पर्धा करणे सरकारी उद्यानाला जमले नाही. इमारती जुन्या होत होत्या आणि दरवर्षी अनुदान द्यावे लागत होते. अखेर फेब्रुवारी २०१२ मध्ये सरकारने उद्यानाचा बहुतांश भाग बंद केला. खुल्या रंगमंचावरचे संगीताचे कार्यक्रम मात्र सुरू राहिले.

बंद झाल्यानंतर जागा ओस पडली का?

नाही, आणि वादाचे मूळ येथेच आहे. २०१७ मध्ये पूर्वेकडील वाहनतळाच्या जागी ‘ट्रिलियम पार्क’ हे विनामूल्य उद्यान झाले आणि ‘सिनेस्फिअर’ही पुन्हा उघडले. पश्चिमेकडील बेटावर तिकीट न काढता फिरता येऊ लागले. लोक तेथे सायकल चालवायला, पक्षी पाहायला, पोहायला येऊ लागले. पाळणे आणि घसरगुंड्या बंद होत्या, पण ४० वर्षांपूर्वी लावलेली झाडे आता मोठी झाली होती. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने २०२० च्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत या जागेचा समावेश केला. थोडक्यात, व्यवसाय म्हणून उद्यान अपयशी ठरले, तरी सार्वजनिक जागा म्हणून ते लोकांना हवे होते.

नवी योजना काय आहे?

प्रांताचे प्रीमियर (मुख्यमंत्र्यांसारखे पद) डग फोर्ड यांच्या सरकारने २०१९ मध्ये विकासकांकडून प्रस्ताव मागवले. २०२१ मध्ये ‘थर्म’ या युरोपीय कंपनीची निवड जाहीर झाली. काचेची भव्य इमारत, तिच्यात बारमाही कोमट पाण्याचे तलाव, घसरगुंड्या आणि सौना असा हा प्रकल्प आहे. आत जायला तिकीट लागेल. बाहेरचे उद्यान आणि किनारा विनामूल्य राहील. ‘लाइव्ह नेशन’ ही कंपनी रंगमंचाचा विस्तार करणार आहे. ‘सिनेस्फिअर’ आणि पाण्यावरील दालने जतन केली जाणार आहेत. पडीक जागेला यामुळे वर्षभर वर्दळ आणि उत्पन्न मिळेल, असे सरकारचे म्हणणे आहे.

आक्षेप कशावर आहेत?

पहिला आक्षेप कायद्यावर. २०२३ मध्ये खास कायदा करून हा प्रकल्प पर्यावरणीय मूल्यांकन आणि वारसा संरक्षणाच्या तरतुदींतून वगळण्यात आला. त्याच सुमारास महापौर ऑलिव्हिया चाऊ यांच्याशी करार झाला. शहराच्या डोक्यावरचा दोन द्रुतगती मार्गांचा खर्च प्रांताने उचलला. शहराने येथील आपल्या मालकीची जमीन प्रांताला देण्याचे मान्य केले.

दुसरा आक्षेप झाडांवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाडेकरार जाहीर होताच काही तासांत पश्चिमेकडील बेटावरची ८०० हून अधिक झाडे तोडण्यास सुरुवात झाली.

तिसरा आक्षेप पैशांवर. निवड प्रक्रिया न्याय्य, पारदर्शक आणि उत्तरदायी नव्हती, असा ठपका प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२४ च्या अहवालात ठेवला. सरकारी तिजोरीवरचा अंदाजित भार २०१९ मध्ये ३३.५ ते ४२.४ कोटी डॉलर होता. तो २२३ कोटी कॅनडियन डॉलरच्या पुढे गेल्याचेही अहवालात नमूद आहे. प्रक्रिया योग्यच होती, असा सरकारचा दावा आहे.

विज्ञान केंद्राचा यात काय संबंध?

शहराच्या दुसऱ्या भागात असलेले ‘ओंटारियो सायन्स सेंटर’ याच जागेत आणले जाणार आहे. जुनी इमारत २१ जून २०२४ रोजी अचानक बंद करण्यात आली. कारण होते छतातील ‘आरएएसी’ फलक. भिंतींसाठी आपल्याकडे वापरतात त्या हलक्या एएसी ब्लॉकच्याच जातीचे हे काँक्रीट. फरक एवढाच की, आत सळई असते. ओल शिरली की ते कमकुवत होते. अभियंत्यांच्या अहवालात धोकादायक फलक हिवाळ्यापूर्वी बदलण्याची किंवा त्यांना आधार देण्याची शिफारस होती. मूळ वास्तुरचनाकाराच्या कार्यालयाने त्यासाठी विनामूल्य सेवाही देऊ केली. सरकारने मात्र इमारत बंदच ठेवली.

९५ वर्षांचा मुद्दा महत्त्वाचा का?

जुने उद्यान १९७१ ते २०११ असे ४१ हंगाम चालले. नवा भाडेपट्टा त्याच्या दुपटीहून अधिक काळाचा आहे. पहिल्या वेळी अवघ्या दहा वर्षांत खासगी स्पर्धक उभा राहिला आणि सगळी गणिते बदलली. पण तेव्हा जमीन सरकारच्याच ताब्यात होती. त्यामुळे व्यवसाय बुडाल्यावरही लोकांना तेथे जाऊन पोहता आले. आता गणित चुकले, तर पश्चिमेकडील बेटाचे काय करायचे, हे ठरवताना करारातील अटींना सर्वाधिक वजन असेल.