थेंबभर रक्ताची साक्ष

मी इतिहासाचा विद्यार्थी. कला शाखेच्या मुलाने वार्षिकासाठी कविता लिहावी, फार तर एखाद्या गडाच्या सहलीचे वर्णन करावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी मात्र गोचिडांवर लिहिणार आहे. कोणी हसेल, पण माझा नाइलाज आहे. साक्षीपुराव्यावाचून विधान करू नये, हा इतिहासाचा पहिला धडा मी वर्गात शिकलो. त्याचा खरा अर्थ मला आमच्या गोठ्यात कळला.

आमचे गाव फलटण तालुक्यात. तीन एकर जमीन आणि दोन संकरित गाई. दर दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या पगारावर घर चालते. माझी फी आणि वसतिगृहाचे पैसेही त्यातूनच निघतात. दोघींपैकी चंद्री दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचे मिळून सोळा लिटर दूध देणारी. २०२३ च्या जून महिन्यात तिने एका सकाळी वैरणीला तोंड लावले नाही. अंग तापले होते, दूध निम्म्यावर आले होते. आबांनी गावातल्याच एका सुई टोचणाऱ्याला बोलावले. त्याने तापाचे इंजेक्शन दिले. ताप उतरला आणि संध्याकाळी पुन्हा चढला. असे तीन दिवस चालले. खांद्यापुढे लिंबाएवढी गाठ आली होती, ती आम्ही सर्वांनी पाहिली. "शेजारच्या म्हशीनं ढुशी मारली असंल," असे आबा म्हणाले आणि आम्हालाही ते पटले.

पाचव्या दिवशी सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी प्रथम थर्मामीटर लावला : १०६ अंश. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१.५ अंश असते. मग त्यांनी डोळ्याची पापणी उलटून पाहिली. आतला गुलाबी भाग कागदासारखा पांढरा पडला होता. शेवटी कानाची शीर टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने तो पातळ पसरला, वाळवला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला. "आता हा थेंब बोलेल," ते म्हणाले. थेंब बोलला, पण उशीर झाला होता. औषध देऊनही सातव्या दिवशी पहाटे चंद्री गेली.

तो थेंब काय बोलला, ते मी नंतर दवाखान्यात जाऊन समजून घेतले. काचपट्टी मिथिल अल्कोहोलमध्ये बुडवून गिम्सा नावाच्या रंगाने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हजारपट मोठी करून पाहतात. रक्ताच्या तांबड्या पेशींत अंगठीसारखे, स्वल्पविरामासारखे बारीक ठिपके दिसत होते. ते थायलेरिया नावाचे एकपेशीय परजीवी. गोचीड रक्त पिताना त्याच्या लाळेतून ते गाईच्या अंगात शिरतात. प्रथम ते पांढऱ्या पेशींत वाढतात, म्हणून लसिकाग्रंथी सुजतात. खांद्यापुढची ती गाठ म्हणजे म्हशीची ढुशी नव्हती, रोगाने दिलेली वर्दी होती. त्या गाठीतला द्रव सुईने काढून तपासला, तर पांढऱ्या पेशींत निळसर पुंजके दिसतात. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखले जातात. पुढे परजीवी तांबड्या पेशींत शिरतात, त्या पेशी नष्ट होतात आणि जनावर पांढरे पडत जाते, त्याला धाप लागते. देशी जनावरांत हा रोग सहसा सौम्य असतो. संकरित गाईला मात्र तो झेपत नाही. आपण जास्त दुधाची गाय आणली, तेव्हा जास्त काळजीही विकत घेतली होती. ते आमच्या लक्षातच आले नव्हते.

येथे कोणी विचारील की, ताप आला म्हणजे तापाचे औषध द्यावे, एवढ्या खटाटोपाची गरज काय? गरज अशी की, गोचिडांपासून होणारे तापही एकाच जातीचे नसतात. लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर बॅबेसियाचा संशय घ्यावा लागतो. गाठी सुजल्या तर थायलेरियाचा. बॅबेसियावर डिमिनाझिन चालते, थायलेरियावर बुपार्व्हाक्वोन लागते आणि तेही सुरुवातीलाच. आमच्या चंद्रीला तीन दिवस फक्त ताप उतरवणारे औषध मिळत होते. धूर दिसेनासा झाला म्हणून आग विझली, असे आम्ही समजत होतो.

परीक्षेवाचून उपचार करण्याची ही सवय इतर रोगांतही नडते. जबड्याखाली पाणी साठल्यासारखी सूज आली, तर पुष्कळदा ते यकृतातल्या पानासारख्या कृमीचे काम असते. तळ्याकाठच्या ओल्या गवतावर, गोगलगाईंच्या वस्तीत चरणाऱ्या जनावरांना ती बाधा होते आणि शेणाच्या तपासणीत त्या कृमीची अंडी सापडतात. पावसाळ्याच्या तोंडावर घसा सुजून जनावर घोरू लागले, तर घटसर्प. मागच्या फऱ्यावरची सूज दाबल्यावर करकरली, तर फऱ्या. या दोन्ही रोगांत तासातासाला महत्त्व असते. म्हणून त्यांच्या लसी पाऊस सुरू होण्यापूर्वीच टोचून घ्यायच्या असतात. आणि धडधाकट जनावर अचानक मेले, नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर ते काळपुळीचे म्हणजे फाशीचे लक्षण समजून त्याला कोणीही कातडे काढण्यासाठी चिरू नये. हवा लागताच त्या जंतूंचे टणक बीजाणू बनतात. ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि माणसालाही तो रोग होतो. अशा वेळी डॉक्टर कानाच्या शिरेतला थेंबच तपासतात आणि जनावर चुन्यासह खोल पुरायला सांगतात.

पण निदान हे अर्धेच काम. चंद्री गेल्यावर डॉक्टर पुन्हा आले ते बॅटरी घेऊन. गाईकडे न जाता ते गोठ्याच्या भिंतीकडे गेले. दगडमातीच्या भिंतीच्या फटीत त्यांनी उजेड टाकला. आत गोचीड दाटीवाटीने बसले होते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी जनावरावरून खाली पडते, फटीत शिरते आणि तेथे हजारो अंडी घालते. आम्ही गाईच्या अंगाला औषध लावत होतो आणि शत्रूचे कोठार शाबूत ठेवत होतो. मग आम्ही फटी ज्योतीने भाजून काढल्या, सिमेंटने लिंपल्या, भिंतींवर बेताच्या मात्रेत औषध फवारले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा फवारले. दुसऱ्या गाईला जुलैमध्ये ताप आला, तेव्हा पहिल्याच दिवशी काचपट्टी दवाखान्यात पोचली. ती वाचली. तिच्या कालवडीला थायलेरियाची लसही टोचली.

तरीही शेजारच्या गोठ्याच्या फटी उघड्याच आहेत. जनावरांचे रोग एका घराचे कधीच नसतात. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग आला, तेव्हा हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचण्यात आली. एकाने लस घेतली आणि दहांनी टाळली, तर माश्या-डास कुंपण पाहून थांबत नाहीत.

सर्वांनी मिळून केले तर काय होते, याचाही दाखला आहे. आजीच्या लहानपणी बुळकांडीचे नाव काढले तरी लोक हादरत. तोंडात व्रण, मग हगवण आणि बघता बघता गोठे रिकामे. अशा रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा स्थापन झाली आणि १८९३ मध्ये ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला गेली. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली. खात्याची माणसे लस घेऊन वाड्यावस्त्या फिरली, पुढे गावोगाव रोगी जनावर शोधत हिंडली. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसरा रोग. आमच्या क्रमिक पुस्तकांत लढायांच्या सनावळ्या आहेत. या विजयाची सनही तेथे असायला हरकत नाही.

असो. आपल्यापैकी पुष्कळजण गोठा असलेल्या घरांतून आलो आहोत. सुट्टीत घरी जाल तेव्हा एक थर्मामीटर बरोबर न्या. सुई टोचणाऱ्याला बोलावण्याआधी १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक फिरवा आणि आलेल्या डॉक्टरांना विचारा, "रक्त तपासायचं का?" मुके जनावर आपली व्यथा सांगू शकत नाही, असे आपण म्हणतो. चंद्रीने मात्र ती सांगितली होती. तापाने सांगितली, गाठीने सांगितली. तिची साक्ष आम्ही पाच दिवस नोंदवूनच घेतली नाही.